फॉस्फरस ॲसिड आणि फॉस्फोरिक ॲसिड: एका हायड्रोजनने केलेला घोळ

प्रश्न थोडक्यात असा आहे: दिंडोरीकडचे एक तरुण बागायतदार, साडेतीन एकर द्राक्ष. दुकानदाराने त्यांना पांढऱ्या खड्यांचे २५ किलोचे पोते दाखवले, वर छापलेले ‘फॉस्फरस ॲसिड ९८%’. दुकानदाराचे म्हणणे, हे फॉस्फोरिक ॲसिडच आहे, फक्त कोरडे आणि जास्त ताकदीचे. ठिबक साफ होते, वेलीला स्फुरद (फॉस्फरस) मिळते आणि कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) घालून फवारले की केवडाही, म्हणजे द्राक्षावरचा डाऊनी मिल्ड्यू रोगही, थांबतो. यातले खरे किती, आणि हे मिश्रण घरी बनवता येते का?

केवड्याचे बोलणे बऱ्याच अंशी खरे आहे. स्फुरदाचे साफ चूक. ठिबकचे म्हणाल तर सोन्याच्या विळ्याने गवत कापण्यातला प्रकार. आणि ‘फॉस्फोरिकच आहे’ हे जे पहिले वाक्य आहे, बाकीच्या सगळ्या चुका त्याच्यातून निघतात. मी आधी कोकणातल्या एका कारखान्यात हे ॲसिड बनवत होतो, आता नाशिक जिल्ह्यात माती-पाणी-खते तपासतो. दोन्ही ठिकाणी हाच गोंधळ पाहिला, म्हणून जरा मुळापासून सांगतो.

नावात फरक एवढासाच, पण रेणूत बघा. फॉस्फोरिक ॲसिडमध्ये फॉस्फरसच्या भोवती चार ऑक्सिजन असतात. त्यातल्या तिघांवर एकेक हायड्रोजन बसलेला. ऑक्सिजनवर बसलेला हायड्रोजन पाण्यात सुटतो, म्हणून ते तीन हायड्रोजन देणारे आम्ल. फॉस्फरस ॲसिडमध्येही हायड्रोजन तीनच, ऑक्सिजन मात्र तीन. सूत्र एच३पीओ३. कागदावर पाहिले की वाटते, तीन ऑक्सिजन, तिघांवर एकेक हायड्रोजन, हेही तीन देणार. बारावीत इथेच मुलांचा मार्क जातो. प्रत्यक्षात एक हायड्रोजन थेट फॉस्फरसला चिकटलेला असतो, आणि तो कॉस्टिक घातले तरी सुटत नाही. म्हणजे हे दोनच हायड्रोजन देणारे आम्ल. म्हणूनच याला फॉस्फोनिक ॲसिड असेही म्हणतात आणि त्याच्या क्षारांना कोणी फॉस्फाइट म्हणते, कोणी फॉस्फोनेट. डब्यावर यातले काहीही छापलेले असू शकते.

हे नुसते पुस्तकातले चित्र नाही. आर्सेनिकचे जुळे भावंड आहे, आर्सेनियस ॲसिड. त्यात तिन्ही हायड्रोजन खरोखरच ऑक्सिजनवर असतात, आणि ते इतके मवाळ आम्ल आहे की त्याचा पहिला पीकेए (आम्लाची ताकद सांगणारा आकडा, जितका कमी तितके आम्ल तिखट) ९.२ येतो. फॉस्फरस ॲसिडची रचना तशीच असती, तर तेही तसेच मवाळ निघाले असते. त्याचा पहिला पीकेए मात्र १.३ च्या आसपास आणि दुसरा ६.७. फॉस्फोरिकचे आकडे २.१५, ७.२ आणि १२.३. म्हणजे फॉस्फरस ॲसिड फॉस्फोरिकपेक्षा थोडे तिखटच आहे. रेणूची रचना दाखवणाऱ्या एनएमआर यंत्रावर तर हा चिकटलेला हायड्रोजन उघड दिसतो: फॉस्फरसची एकच रेघ दुभंगून दोन होतात, एकमेकींपासून साडेसहाशे-सातशे हर्ट्झ लांब.

आता दुकानदाराच्या ‘जास्त ताकदी’कडे येऊ. तो खोटे बोलत नसावा, पोत्यावरचा आकडा वाचत असावा. फॉस्फरस ॲसिडचा रेणुभार ८२, फॉस्फोरिकचा ९८. फॉस्फरस दोघांत एकच अणू, ३१ वजनाचा. त्यामुळे शुद्ध फॉस्फरस ॲसिडमध्ये ३७.८% फॉस्फरस, शुद्ध फॉस्फोरिकमध्ये ३१.६%. खतवाल्यांच्या सवयीने हेच पी२ओ५ मध्ये मांडले तर ९८% च्या पोत्यावर जवळजवळ ८५ येतात, आणि ८५% फॉस्फोरिकच्या कॅनवर साडेएकसष्ट. गणित बरोबर आहे, पण वेलीला ते लागू पडत नाही.

कारण फॉस्फाइट वेलीच्या पोटात जाते, पण अंगी लागत नाही. मुळांतली आणि पानांतली जी दारे फॉस्फेट (फॉस्फोरिकचा क्षार, वेलीला चालणारा स्फुरद) आत घेतात तीच फॉस्फाइटलाही आत घेतात. दिसायला इतके सारखे आहे. आत गेल्यावर त्याचे फॉस्फेट करण्याचे साधन वनस्पतीकडे नसते. वाईट असे की स्फुरद कमी पडले की वेल जी धावपळ करते, म्हणजे मुळे वाढवणे, साठ्यातला स्फुरद मोकळा करणे, ती फॉस्फाइटमुळे मंदावते. वेलीला वाटते पोट भरले आहे. जमिनीत स्फुरद पुरेसा असेल तर काही बिघडत नाही. कमी असेल तर कमतरता वाढते. २०१२ साली मेक्सिकोतल्या शास्त्रज्ञांनी एका जिवाणूचे जनुक वनस्पतीत घातले, तेव्हा कुठे ती झाडे फॉस्फाइटवर जगली. साध्या झाडाला ते जमत नाही, याचा याहून सरळ पुरावा कोणता द्यायचा! जमिनीतले काही जिवाणू फॉस्फाइटचे फॉस्फेट करतात, पण सावकाश, आठवडे-महिने घेऊन. फुलोऱ्याच्या आधी स्फुरद द्यायचा आहे म्हणून कोणी झिरो बावन्न चौतीस या फॉस्फेटवाल्या विद्राव्य खताच्या जागी फॉस्फाइट देत असेल, तर तो वेलीला उपाशी ठेवून खर्चाची नोंद करतो आहे.

मग केवड्यावर कसे चालते? केवडा आणणारा जीव आपण बुरशी म्हणतो खरा, पण तो खऱ्या बुरशींपेक्षा पाण्यातल्या शेवाळांच्या जवळचा. नागपुरी संत्र्यावरचा डिंक्या, सुपारीचा कोळेरोग ही त्याच गोतावळ्यातली मंडळी. या गोतावळ्यात फॉस्फाइट दोन बाजूंनी काम करते: जिवाच्या स्वतःच्या फॉस्फेटच्या कारभारात घोळ घालते आणि झाडाची प्रतिकाराची यंत्रणा जागी करते. शिवाय ते पानातून खाली मुळापर्यंत आणि मुळातून वर शेंड्यापर्यंत, दोन्हीकडे फिरते. बुरशीनाशकांत हा गुण दुर्मीळ. पश्चिम ऑस्ट्रेलियात जॅरा नावाच्या झाडांच्या जंगलांना मूळकुजीने ग्रासले तेव्हा तिथे झाडांच्या खोडात फॉस्फाइटची इंजेक्शने दिली, काही भागांत विमानातूनही फवारले. भुरीवर (पावडरी मिल्ड्यूवर) मात्र याच्याकडून आशा ठेवू नका. आणि केवड्यावरही ते आधी मारायचे औषध आहे. पानाखाली पांढरी बुरशी दिसू लागल्यावर एकट्या फॉस्फाइटच्या भरवशावर राहिलात तर घड हातचे जातील.

बाजारात फोसेटिल-ॲल्युमिनियम म्हणून जे बुरशीनाशक मिळते, तेही आतून हेच. झाडात गेल्यावर ते फुटते, अल्कोहोलचा भाग निघून जातो आणि उरते फॉस्फरस ॲसिड. रेणुभाराच्या हिशेबाने शुद्ध फोसेटिलच्या वजनाच्या सुमारे ६९% फॉस्फरस ॲसिड त्यातून निघते. ही गोष्ट निर्यातदारांनी विशेष लक्षात ठेवावी, त्यावर पुढे येतो.

आधी ओळख पटवण्याचे बोलू, कारण इथे मी स्वतः फसता फसता वाचलो आहे. काही वर्षांपूर्वी एका बागायतदाराने पाच लिटरचा कॅन आणला, लेबलवर ‘७०% फॉस्फरस ॲसिड’. माझ्या हाताखालच्या मुलाने कॉस्टिकने टायट्रेशन केले, म्हणजे आम्ल मरेपर्यंत मोजून कॉस्टिक घातले, फेनॉफ्थॅलिन हा रंगदर्शक गुलाबी झाला, हिशेब ७१%. लेबलला धरून एक टक्का जास्तच! तो अहवाल छापायला निघाला. मी कॅन टेबलावरून उचलला आणि खांदा ओढला गेला. पाच लिटरच्या मानाने फारच जड. ८५% फॉस्फोरिकची घनता १.६९ च्या घरात असते, म्हणजे पाच लिटरला जवळजवळ साडेआठ किलो. ७०% फॉस्फरस ॲसिड इतके जड नसते.

टायट्रेशन का फसले? फॉस्फोरिकला तीन हायड्रोजन असले तरी तिसरा फार घट्ट. फेनॉफ्थॅलिनपर्यंत त्याचेही दोनच मोजले जातात. फॉस्फरस ॲसिडचेही दोन. ब्युरेटला दोन्ही सारखीच दिसतात. आता ८५% फॉस्फोरिकचा हिशेब ९८ ऐवजी ८२ या रेणुभाराने केला तर ८५ गुणिले ८२ भागिले ९८, बरोबर ७१ येतात. विकणाऱ्याने मुद्दाम केले की कॅनची अदलाबदल झाली, देव जाणे, पण आकडा असा चपखल बसला होता की शंका येऊ नये.

मग आम्ही जुनी परीक्षा केली. दोन परीक्षानळ्या घेतल्या: एकीत त्या कॅनमधला थेंबभर द्राव पातळ करून, सोड्याने सामू (पीएच) सातच्या आसपास आणलेला, दुसरीत तसाच तयार केलेला आमच्याकडचा खात्रीचा फॉस्फरस ॲसिडचा द्राव. दोन्हींत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. कॅनवाल्या नळीत लगेच पिवळाधम्मक साका (न विरघळणारा गाळ) बसला, हळदीच्या दुधासारखा. तो सिल्व्हर फॉस्फेट. दुसरीत आधी पांढरा साका आला, गरम पाण्याच्या ग्लासात नळी धरली तसा तो तपकिरी पडत पडत काळा झाला, काचेला आतून काजळी धरल्यासारखा. फॉस्फाइटने चांदीचा क्षार क्षपण करून धातूची चांदी पाडली. तो जो फॉस्फरसला चिकटलेला हायड्रोजन आहे, त्याचेच हे काम: फॉस्फरस इथे अधिक तीन या ऑक्सिडेशन अवस्थेत असतो, त्याला अधिक पाचकडे जायचे असते, आणि जाताना समोरच्याला इलेक्ट्रॉन देऊन जातो. फॉस्फोरिक आधीच पाचवर पोहोचलेले, त्याच्याकडे द्यायला काही नाही.

टक्केवारी काढायची तर आम्ही याच गुणाचा उपयोग करतो. नमुना सौम्य आम्लारीधर्मी करून त्यात मोजून जास्तीचे आयोडीन घालायचे, अंधारात ठेवायचे आणि उरलेले आयोडीन थायोसल्फेटने मोजायचे. ०.१ नॉर्मल आयोडीनचा एक मिलिलिटर म्हणजे ४.१ मिलिग्रॅम फॉस्फरस ॲसिड. फॉस्फोरिक या परीक्षेत शून्य दाखवते. तुमच्या प्रयोगशाळेने नमुना आम्लात उकळून ‘एकूण फॉस्फरस’ काढला असेल, तर त्या अहवालावरून फॉस्फेट आहे की फॉस्फाइट हे काहीच कळत नाही. उकळण्यात फॉस्फाइटचेही फॉस्फेट होऊन जाते. अहवाल हातात घेतल्यावर पद्धत कोणती वापरली हे आधी विचारा.

हे ॲसिड बनते कसे, तेही दोन ओळींत. फॉस्फरस ट्रायक्लोराइड पाण्यात सोडले की फॉस्फरस ॲसिड आणि हायड्रोक्लोरिक वायू तयार होतो. वायू काढून घ्यायचा, पाणी उडवायचे, थंड केले की खडे. दुसरी वाट म्हणजे ॲसिड क्लोराइडे बनवणाऱ्या कारखान्यांचा खालचा थर. तिथे हे उप-उत्पादन म्हणून निघते आणि स्वस्त पडते, फक्त त्यात सेंद्रिय घाण राहू शकते. खड्यांना उग्र वास येत असेल, किंवा रंग पिवळसर असेल, तर फवारणीसाठी घेऊ नका. एरवी याचा मोठा खप शेतीत नाहीच: बॉयलर आणि कूलिंग टॉवरच्या पाण्यातली खपली रोखणारी रसायने, हाडांच्या ठिसूळपणावरच्या ॲलेंड्रोनेटसारख्या गोळ्या, अशा ठिकाणी ते जाते.

पाणी उडवणे ही यातली सगळ्यात नाजूक पायरी. फॉस्फरस ॲसिड ७३ अंशांच्या आसपास वितळते आणि १८०-२०० अंशांकडे गेले की स्वतःच स्वतःला फोडते: चार रेणूंमधले तीन फॉस्फोरिक होतात, एक फॉस्फिन. धान्यात ठेवतात त्या गोळ्यांतून निघतो तोच हा वायू. एक किलो ॲसिड पूर्ण फुटले तर सुमारे शंभर ग्रॅम फॉस्फिन, म्हणजे खोलीच्या तापमानाला पाऊणशे लिटर. कामाच्या जागी आठ तासांची मर्यादा ०.३ पीपीएम धरतात, त्यावरून अंदाज करा. आमच्या कारखान्यात एका रात्रपाळीत किटलीचा (ॲसिड तापवायच्या मोठ्या भांड्याचा) तापमापक अडकला होता आणि तिला तापवणारे तेल गरम होत राहिले. मला आधी सडक्या मासळीचा आणि लसणाचा मिसळलेला वास आला. कोकणात मासळीच्या वासाला कोण दचकतो? मीही पाच-सात मिनिटे तिकडे दुर्लक्ष केले. मग डोके दुखू लागले, छाती आवळली, आणि तेव्हा कळले. तेल बंद करून सगळे वाऱ्याच्या वरच्या बाजूला पळालो. कोणी दगावले नाही, एवढेच. म्हणून सांगतो, हे पोते ज्या शेडमध्ये ठेवाल तिथे चूल, वेल्डिंग, कडबा नको, आणि आग लागलीच तर विझवायला आत शिरू नका.

आता घरी मिश्रण करण्याचे. होते, पण रसायन समजून घेऊन. नुसते ॲसिड फवारले तर पाने भाजतील. सामू साडेसहापर्यंत आणावा लागतो. पहिला हायड्रोजन पूर्ण आणि दुसऱ्याचा साधारण चाळीस टक्के भाग मारायचा, म्हणजे एका मोल ॲसिडला सुमारे १.४ मोल कॉस्टिक पोटॅश. वजनात ८२ ग्रॅमला ७८ ग्रॅम शुद्ध पोटॅश. बाजारातले फ्लेक्स ८५ ते ९० टक्क्यांचे, म्हणून १० किलो ॲसिडला साडेदहा-अकरा किलो लागतात. ऐकीव ‘वजनाला वजन’ हा नियम इथूनच आला, आणि तो फारसा चुकीचा नाही. तरी नऊ किलोवर थांबा, गार होऊ द्या, सामू बघा, मग पुढचे मूठमूठ.

गार होऊ द्या हे उगाच म्हणत नाही. फ्लेक्स विरघळताना उष्णता, ॲसिड मरताना पुन्हा उष्णता. १० किलो ॲसिडचे मिश्रण १०० लिटर पाण्यात केले तर तापमान पस्तीसेक अंशांनी चढते. उन्हाळ्यात पाणी ६० च्या पुढे जाते. तेच २० लिटर पाण्यात एकदम उरकायला गेलात तर टाकी उकळून अंगावर येईल, आणि तो उकळता कॉस्टिक असतो. आधी पाणी, त्यात ॲसिडचे खडे पूर्ण विरघळवा, मग फ्लेक्स थोडे थोडे, लांब काठीने ढवळत. खडे आणि फ्लेक्स कोरडे एकत्र कधीही नाही. जाड प्लॅस्टिकचा ड्रम घ्या. ॲल्युमिनियमचे घमेले कॉस्टिक खाते, पत्र्याची बादली ॲसिड. डोळ्यांना गॉगल. हातमोजे नसले तर काम उद्यावर टाका.

तयार द्रव बोर्डो किंवा दुसऱ्या तांब्याच्या औषधाबरोबर एका टाकीत घालू नका. सामू खाली गेला की तांबे विरघळून मोकळे होते आणि पानांच्या कडा करपतात. कोवळ्या फुटीवर तर हमखास. तांबे फवारून झाले असेल तर मध्ये चांगले अंतर ठेवा.

ठिबकबद्दल: आम्ल म्हणून हे कॅल्शियम कार्बोनेटची खपली विरघळवेल, प्रश्नच नाही. पण त्यासाठी फॉस्फोरिक, नायट्रिक, हायड्रोक्लोरिक अशी स्वस्त आम्ले पडली आहेत, आणि फॉस्फाइट मुळाशी ओतण्याचे तोटे वर सांगितले. एक धोका मात्र कुठल्याही आम्लाला लागू आहे. लॅटरलमधले (ठिबकच्या नळ्यांमधले) शेवाळ मारायला ब्लीचिंगचे पाणी सोडतात. ते पाणी आणि ॲसिड एका ड्रममध्ये किंवा लागोपाठ आले तर क्लोरीन वायू सुटतो. मध्ये साधे पाणी भरपूर जाऊ द्या.

आता निर्यातीचा मुद्दा, जो तुमच्या प्रश्नात नव्हता पण तुम्हाला सगळ्यात महाग पडू शकतो. युरोपात फोसेटिलचे अवशेष मोजताना बरीच वर्षे फोसेटिल आणि फॉस्फोनिक ॲसिड यांची बेरीज धरली गेली. यंत्राला तुम्ही नोंदणीकृत औषध मारले की ड्रममध्ये बनवलेले, हे कळत नाही. दोन्हींचा आकडा एकाच खात्यात जातो. शिवाय फॉस्फाइट वेलीच्या लाकडात साठते आणि पुढच्या हंगामातही थोडे थोडे उतरते. ‘मी यंदा मारलेच नाही’ असे शपथेवर सांगणारा बागायतदार खरे बोलत असतो आणि अहवालही खरा असतो. युरोपातल्या सेंद्रिय द्राक्षवाल्यांनाही याचा फटका बसला: जर्मनीत पोटॅशियम फॉस्फोनेट वेलींचे टॉनिक म्हणून चालत होते, २०१३ साली युरोपीय संघाने त्याला पीकसंरक्षक औषधात धरले आणि सेंद्रिय बागांतून ते बाहेर गेले. आपल्याकडे काही विद्राव्य खते आणि ‘टॉनिके’ फॉस्फाइट मिसळून विकली जातात, लेबलवर फक्त पी२ओ५ लिहून. माल बाहेर पाठवायचा असेल तर असे प्रत्येक नवे टॉनिक आधी सिल्व्हर नायट्रेटच्या थेंबाखालून जाऊ द्या. आणि बागेत बुरशीनाशक म्हणून वापरायचे तर नोंदणी असलेले, लेबलवर द्राक्ष आणि काढणीपूर्व दिवस छापलेले तेच घ्या. घरच्या मिश्रणाला ना लेबल ना दिवस, आणि निर्यातीच्या नोंदवहीत त्याला रकाना नाही. स्थानिक बाजारासाठी कोणी करत असेल तर तोही छाटणीनंतरच्या सुरुवातीच्या दिवसांतच हात आवरता ठेवून करतो. मणी पाणी धरू लागल्यावर तर नावच नको.

पोते घेतलेच असेल तर तोंड घट्ट बांधा. हे खडे हवेतले पाणी ओढतात. पावसाळ्यात एक रात्र उघडे राहिले तर सकाळी काकवीसारखा रस जमिनीवर आलेला असतो आणि फरशीचे सिमेंट फसफसते. तपासायला पाठवायचे तर ५० ग्रॅम पुरे, काचेच्या बरणीत, झाकणावर मेण लावून. पोत्यावरच्या छापाचा फोटोही पाठवा, म्हणजे निर्माता आणि बॅच कळेल. मागच्या खेपेला एकाने नुसती पिशवी कुरिअर केली, ती इथे पोहोचेपर्यंत कागद खाऊन शेजारच्याच्या पार्सलमध्ये उतरली होती.